चेहरा सोडून बोला: पोर्ट्रेटवर अभिप्राय देण्याची आणि घेण्याची रीत

ओळखीच्या एका फोटोग्राफरनं काढलेलं पोर्ट्रेट आम्ही चार-पाच जण पाहत होतो. खिडकीजवळ बसलेली बाई, एका बाजूनं येणारा मऊ उजेड, नजर थेट कॅमेऱ्यात. मी पटकन म्हणून गेले, "नाक जरा जास्तच मोठं आलंय." खोली गप्प झाली. फोटोतली बाई त्याची थोरली बहीण होती आणि ती माझ्या मागेच उभी होती.

मला जे दिसलं ते खरं होतं, पण त्याचा भार मी भलत्याच माणसावर टाकला. तिचं नाक मोठं नव्हतं, कॅमेरा फार जवळ होता. नाकाचं टोक आणि कान यांच्यात साधारण १२ सेंटिमीटरचं अंतर धरा. ४० सेंटिमीटरवरून फोटो काढला तर कानाच्या मानानं नाक ३० टक्के मोठं उमटतं. २ मीटरवरून काढला तर हाच फरक ६ टक्क्यांवर येतो. "कॅमेरा किती लांब होता?" एवढंच मी विचारलं असतं, तर त्याला पुढच्या वेळी दोन पावलं मागे सरकायचं कळलं असतं आणि बहिणीच्या मनाला काही लागलं नसतं.

पोर्ट्रेटवरच्या चर्चेत नेहमी तीन माणसं असतात: काढणारा, पाहणारा आणि ज्याचा चेहरा आहे तो. तिसरा समोर नसला तरी असतोच. डोंगराच्या फोटोला नावं ठेवली तर डोंगराला काही वाटत नाही. म्हणून मी स्वतःला एक नियम घालून घेतला आहे: फोटोग्राफरनं घेतलेल्या निर्णयावर बोलायचं. अंतर, उजेड, क्षण, चौकट, रंग, रिटचिंग (फोटो काढल्यावर त्यात केलेली डागडुजी) हे सगळे त्याचे निर्णय आहेत. चेहरा हा त्याचा निर्णय नव्हे. पुढच्या सगळ्या पायऱ्या या नियमावर उभ्या आहेत.

पायरी १: तोंड उघडण्याआधी डोळे उघडा

फोटो मोठ्या पडद्यावर, पूर्ण स्क्रीनभर पाहा. पडद्याचा उजेड मध्यम ठेवा. फार उजळ पडद्यावर प्रत्येक फोटो खुलून दिसतो, मंद पडद्यावर प्रत्येक सावली काळीठिक्कर वाटते, आणि मग आपण फोटोवर न बोलता पडद्यावर बोलत बसतो. पहिला अर्धा मिनिट काहीही बोलू नका. नजर आधी कुठे गेली, तिथून कुठे सरकली आणि कुठे अडकली, एवढंच मनात टिपा.

मग तोच फोटो अंगठ्याच्या नखाएवढा करून पाहा. इतका लहान झाल्यावरही चेहरा ओळखू येत असेल, तर उजेड-सावलीची मांडणी पक्की आहे. पार्श्वभूमीतला एखादा पांढरा ठिपका चेहऱ्याआधी दिसत असेल, तर तिथे नाकापेक्षा मोती जड झालाय. फोटो आरशातल्यासारखा उलटा करून पाहणंही उपयोगी पडतं. डोळ्यांना झालेली सवय मोडते आणि एका बाजूला कललेली चौकट लगेच लक्षात येते. १०० टक्के झूम करून पापण्या मोजण्याचं काम सगळ्यात शेवटी. अनेक जण तिथूनच सुरुवात करतात आणि मग फोटो असा त्यांना दिसतच नाही.

पायरी २: फोटो कशासाठी काढलाय ते विचारा

नोकरीच्या अर्जावरचं छायाचित्र, घरच्यांसाठीची आठवण, मासिकातल्या मुलाखतीसोबतचा फोटो आणि स्वतःच्या मनातला एखादा प्रयोग या सगळ्यांना एकच माप लावता येत नाही. हे विचारायचं राहून गेलं की चांगला जाणकारही चुकतो. ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन यांनी १८६३ मध्ये, वयाच्या ४८ व्या वर्षी, भेट मिळालेल्या कॅमेऱ्यानं सुरुवात केली. त्यांच्या पोर्ट्रेटमधला मऊ, विरघळता फोकस पाहून त्या काळातल्या फोटोग्राफीच्या जाणकारांनी त्यांच्या तंत्राला नावं ठेवली. त्यांना मात्र तोच मऊपणा हवा होता, आणि आज ती चित्रं त्यासाठीच ओळखली जातात.

याउलट उदाहरण आर्नोल्ड न्यूमन यांचं. १९६३ मध्ये त्यांनी जर्मन उद्योगपती आल्फ्रीड क्रुप यांचं पोर्ट्रेट काढलं. दुसऱ्या महायुद्धात या माणसाच्या कारखान्यांमध्ये वेठबिगार राबवले गेले होते, आणि न्यूमन स्वतः ज्यू होते. त्यांनी क्रुपना पुढे झुकायला लावलं आणि दोन्ही बाजूंनी असा उजेड टाकला की चेहरा भीतिदायक दिसावा. "उजेड चेहऱ्याला शोभत नाही" हा शेरा त्या फोटोवर अचूक ठरेल आणि निरर्थकही.

म्हणजे "हे मुद्दाम केलंय" म्हटलं की सगळं माफ, असं मात्र नाही. हेतू कळल्यावर प्रश्न बदलतो: जे करायचं होतं ते साधलं का?

पायरी ३: आधी वर्णन, मग परिणाम, मत सगळ्यात शेवटी

"डावा डोळा सावलीत आहे" हे वर्णन. "त्यामुळे ती काहीतरी लपवतेय असं मला वाटलं" हा परिणाम. "तिथे थोडा उजेड हवा होता" हे मत. बहुतेक जण थेट तिसऱ्या वाक्यावर उडी मारतात. पहिली दोन वाक्यं बोलली गेली तर फोटोग्राफर तिसरं स्वतःच ठरवू शकतो. कदाचित ती काहीतरी लपवतेय असंच त्याला दाखवायचं असेल, आणि मग तुमच्या तक्रारीची दाद होऊन जाते.

अमेरिकन नृत्यदिग्दर्शिका लिझ लर्मन यांनी १९९० च्या सुमारास कलाकृतींवरच्या चर्चेसाठी चार टप्प्यांची एक पद्धत बांधली. आधी प्रेक्षक त्यांना काय भावलं, काय अर्थपूर्ण वाटलं ते सांगतात. मग कलाकार प्रश्न विचारतो. मग प्रेक्षक विचारतात, पण प्रश्नात मत न दडवता. मत अगदी शेवटी, आणि तेही कलाकाराची परवानगी घेऊन. ही परवानगीची अट मला पोर्ट्रेटसाठी फार मोलाची वाटते. "उजेडाबद्दल मला एक वाटतंय, सांगू का?" असं विचारलं की समोरचा ऐकायला तयार होतो. आणि तो "आज नको" म्हणाला, तर खरंच थांबायचं.

पायरी ४: चेहऱ्याबद्दलची तक्रार निर्णयाच्या भाषेत आणा

हीच पायरी सगळ्यात कठीण, आणि सगळ्यात जास्त शिकवणारी. मनात येणारी जवळजवळ प्रत्येक तक्रार चेहऱ्याच्या शब्दांत येते. ती ओठांवर येण्याआधी स्वतःला विचारायचं: हे असं दिसायला कोणता निर्णय कारणीभूत आहे?

"चेहरा रुंद दिसतोय." उजेड कुठल्या गालावर आहे ते पाहा. कॅमेऱ्याकडे वळलेला गाल उजळला की चेहरा रुंद भासतो. पलीकडचा गाल उजळून अलीकडचा सावलीत ठेवला की तोच चेहरा निमुळता होतो. म्हणून म्हणायचं, "दिवा दुसऱ्या बाजूला नेला असता, किंवा तिला दुसरीकडे वळवलं असतं तर?"

"डोळ्यांखाली काळी वर्तुळं आहेत." बहुतेकदा हा डोक्यावरून येणारा उजेड असतो, दुपारचं ऊन किंवा छताचा दिवा. भुवयांची सावली डोळ्यांच्या खोबणीत साचते. खालून रिफ्लेक्टर (उजेड परतवणारा पांढरा किंवा चकचकीत फलक) धरणं, हनुवटी किंचित वर घेणं किंवा सावलीच्या कडेला, मोकळ्या आकाशाकडे तोंड करून उभं करणं, हे तीन उपाय आहेत. कुठला शक्य होता ते फोटोग्राफरच सांगू शकेल.

"वय जास्त दिसतंय." लहान आणि लांबचा दिवा बाजूनं घासून जातो तेव्हा त्वचेची प्रत्येक रेघ उठून येते. चेहऱ्यावरून पाहताना दिवा जितका मोठा दिसेल तितका उजेड मऊ. म्हणून तोच सॉफ्टबॉक्स, म्हणजे दिव्यावर लावलेली पांढऱ्या कापडाची पेटी, जवळ आणला तरी फरक पडतो. अर्थात रेघा दाखवायच्याच असतील तर हाच कडक उजेड बरोबर आहे, म्हणून पुन्हा हेतूकडे जायचं.

"डोळे मेलेले वाटतात." बुबुळात दिव्याचं किंवा खिडकीचं प्रतिबिंब, म्हणजे कॅचलाइट, नसेल तर असं होतं. किंवा फोकस पापण्यांऐवजी कानावर गेलेला असतो. फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर ८५ एमएमची लेन्स, एफ १.४ (म्हणजे लेन्सचं छिद्र खूप उघडं) आणि दीड मीटर अंतर असेल, तर स्पष्ट दिसणारा पट्टा जेमतेम अडीच सेंटिमीटरचा असतो. चेहरा थोडा वळलेला असला की दोन्ही डोळे त्यात मावत नाहीत. छिद्र लहान करून एफ २.८ वर नेलं की हा पट्टा दुप्पट होतो. "फोकस चुकलाय" यापेक्षा "जवळच्या डोळ्यावर फोकस हवा होता, आणि एफ २.८ वापरून बघ" हे कितीतरी जास्त कामाचं आहे.

"हनुवटी दुहेरी दिसते." कॅमेरा खालून होता का, मान मागे ओढली गेली होती का, एवढंच विचारा.

"काळी आलीय." हा शब्द त्वचेसाठी कधीच वापरू नका, कारण बोलायचं असतं ते एक्स्पोजरबद्दल, म्हणजे कॅमेऱ्यानं किती उजेड आत घेतला त्याबद्दल. कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर समोरचं दृश्य सरासरी मध्यम राखाडी आहे असं धरून चालतो. त्यामुळे गडद त्वचेचा चेहरा चौकट भरून असेल तर तो त्याला उगाच उजळवतो, आणि गोऱ्या चेहऱ्याला अंधारवतो. रंगीत फिल्मच्या काळात प्रयोगशाळा रंग जुळवायला जी संदर्भ कार्डं वापरत, त्यांवर बराच काळ गोऱ्या स्त्रीचाच चेहरा असे. त्या सवयींचा माग अजून आपल्या नजरेत उरला आहे. गडद चेहऱ्याचं पोर्ट्रेट पाहताना तो उजळ हवा होता का, असं विचारू नका. त्वचेतले बारकावे दिसतात का, कपाळावरची आणि गालावरची चमक जिवंत आहे का, पार्श्वभूमीतून चेहरा वेगळा उठतो का, हे पाहा.

उजेड वाचायची एक सोपी किल्ली नाकाच्या सावलीत आहे. ती तिरकी खाली ओठाच्या कोपऱ्याकडे जात असेल तर उजेडाच्या त्या मांडणीला लूप म्हणतात. गालाच्या सावलीला मिळून पलीकडच्या डोळ्याखाली उजेडाचा त्रिकोण सोडत असेल तर रेम्ब्रांट. थेट नाकाखाली पडत असेल तर बटरफ्लाय. अर्धा चेहराच अंधारात गेला असेल तर स्प्लिट. नावं पाठ नसली तरी चालतील. पण सावली कुठे पडलीय ते सांगता आलं की दिवा कुठे होता हे कळतं, आणि तो कुठे हलवायचा तेही.

भाव हासुद्धा निर्णयच

हावभावावर बोलताना आपण हमखास मॉडेलला दोष देतो: "तो फार ताठरला होता." पण शटर कधी दाबायचं आणि त्याआधी काय घडू द्यायचं, हे फोटोग्राफरच्या हातात असतं. युसुफ कार्श यांनी ३० डिसेंबर १९४१ रोजी ओटावामध्ये विन्स्टन चर्चिल यांचं पोर्ट्रेट काढलं. त्यांनी पुढे होऊन चर्चिल यांच्या तोंडातला सिगार काढून घेतला आणि पुढच्याच क्षणी शटर दाबलं. तो धुमसता चेहरा त्या सिगारमुळे आला. त्याच वेळी काढलेल्या दुसऱ्या फोटोत चर्चिल हसताहेत.

म्हणून ताठरपणा दिसला तर विचारा: याआधी किती फोटो काढले होते? त्याला काय करायला सांगितलं होतं? कॅमेरा तोंडासमोर धरूनच बोलत होतास का? कधी कधी मालिकेतले आधीचे-नंतरचे पाच फोटो मागून घ्यावेत. निवड चुकलेली असते आणि चांगला क्षण दोन फ्रेम आधीच पडून असतो.

हातांबद्दल एवढंच: गालावर टेकलेल्या हातानं खरोखरचं वजन टाकलंय की तो नुसता चिकटवलाय, ते पाहा. चौकट मनगटावर, कोपरावर किंवा गुडघ्यावर कापली गेली असेल तर सांगा, सांध्यांच्या मध्ये कापलेलं जास्त स्वाभाविक दिसतं. डोक्यातून उगवलेला खांब आणि मानेतून जाणारी क्षितिजरेषा तर सगळ्यांनाच दिसते.

रिटचिंगचा साधा निकष: महिनाभरात जाणारं ते काढलं तर चालेल, कायमचं असेल ते त्या माणसाला विचारल्याशिवाय काढू नये. तीळ, व्रण, सुरकुती यांबद्दल फोटोग्राफरला सल्ला देतानाही हे लक्षात असू द्या.

पायरी ५: तीनच मुद्दे, आणि त्यातला एक मोठा

दहा चुका सापडल्या तरी दहा सांगू नका. माणूस त्यातल्या सर्वात सोप्या दुरुस्त करतो आणि सर्वात महत्त्वाची विसरतो. आत्ताच दुरुस्त होणारं (क्रॉप, रंग, उजळपणा) आणि पुढच्या वेळीच होणारं (अंतर, उजेड, क्षण) असे दोन भाग करा आणि कुठलं कुठल्या भागात आहे ते सांगा. नाहीतर तो बिचारा तीन तास संगणकावर अशा चुकीशी झगडतो, जी दिवा अर्धा मीटर हलवून गेली असती.

कौतुकही तितकंच नेमकं हवं. नुसतं "अप्रतिम" म्हणणं म्हणजे हरभऱ्याच्या झाडावर चढवणं. "खांदा कॅमेऱ्यापासून वळवलास आणि मान परत आणलीस, त्यामुळे नजरेत जोर आला" हे ऐकलं की त्याला कळतं काय जपायचं. चांगलं काय झालं हे न कळल्यामुळे पुढच्या फोटोत तेच गमावलेले कितीतरी शिकाऊ मी पाहिलेत.

दुसऱ्याचा फोटो न विचारता एडिट करून "बघ, असा हवा होता" म्हणून दाखवू नका. कागदावर रेघा मारून चौकट दाखवणं पुरतं.

घेणाऱ्याची बाजू

एकच फोटो दाखवा. वीस दाखवले तर लोक आवडता निवडतात, अभिप्राय देत नाहीत. फोटोतल्या व्यक्तीला आधी विचारा: हा फोटो इतरांना दाखवून त्यावर चर्चा करणार आहे, चालेल का? लहान मूल असेल तर पालकांना विचारा, आणि मूल कळत्या वयाचं असेल तर त्यालाही. "फोटो काढायला हो" म्हणजे "चर्चेला हो" नव्हे.

"कसा वाटला?" असं विचारू नका. "तिला थकलेली पण न हरलेली दाखवायचं होतं. थकवा पोचतोय का? आणि पार्श्वभूमी मधे येतेय का?" असं विचारा. एका वाक्यात हेतू, एक-दोन प्रश्न, बस्स. उजेड कमी होता, वेळ नव्हता, लेन्स उधारीची होती हे सगळं गिळून टाका. ऐकणारा सहानुभूती दाखवायला लागतो आणि फोटोकडे पाहायचं थांबतो.

लोक बोलत असताना त्यांचे शब्द जसेच्या तसे वहीत उतरवा, आणि उत्तर देऊ नका. फक्त दोन वाक्यं वापरा: "नेमकं कुठे?" आणि "त्यामुळे तुम्हाला काय वाटलं?" मला स्वतःला हे जमायला बराच काळ गेला, कारण स्वतःच्या फोटोची बाजू घेण्याची इच्छा फार जोरात येते. कुणी थेट चेहऱ्यावरच बोललं तर मात्र गप्प बसू नका. "माणूस बाजूला ठेवू, माझं काय चुकलं ते सांगा" असं शांतपणे म्हणा. फोटोतल्या व्यक्तीच्या वतीनं एवढं बोलणं तुमच्याकडे लागतं.

दुसऱ्या दिवशी वही उघडा. काही शेरे तपासता येतात: फोकस, फाटलेले हायलाइट (पार पांढरे पडलेले उजळ भाग), वाकडी चौकट. ते मान्य करा आणि सोडून द्या. काही परिणामाचे असतात. तीन वेगवेगळी माणसं एकाच जागी अडखळली असतील तर तिथे काहीतरी आहे, त्यांनी सुचवलेला उपाय चुकीचा असला तरी. उरलेले आवडीनिवडीचे: "कृष्णधवल हवा होता", "मला हसरे चेहरे आवडतात." त्यांचे आभार माना आणि पुढे चला. एखादा शेरा पटत नसेल पण मनातून जात नसेल, तर फोटोची प्रत करून तो प्रयोग करूनच बघा. दहा मिनिटांत वाद मिटतो.

कुणाला विचारावं? एक, ज्याला तंत्र कळतं. दोन, ज्याला फोटोग्राफीतलं काही कळत नाही पण जो मन लावून पाहतो. तीन, जो फोटोतल्या माणसाला ओळखतो. तिसऱ्याचं "हा तो वाटतच नाही" हे वाक्य इतर कुणी देऊ शकत नाही.

आणि ज्याचा चेहरा आहे, त्याचं मत

ते वेगळंच ऐकावं लागतं. १९७७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मानसशास्त्रीय प्रयोगात स्त्रियांना स्वतःच्या फोटोच्या दोन प्रती दाखवल्या, एक सरळ आणि एक आरशातल्यासारखी उलटी. त्यांचा स्वतःचा कल उलट्या प्रतीकडे होता, जवळच्यांचा कल सरळ प्रतीकडे. माणूस स्वतःला आयुष्यभर आरशात पाहत आलेला असतो. त्यामुळे "मी अशी दिसत नाही" हे त्याच्या दृष्टीनं खरंच असतं. लगेच वाद घालू नका. हवं तर फोटो उलटा करून दाखवा, दोन दिवस जाऊ द्या आणि पुन्हा विचारा. तरीही नको असेल तर तो फोटो कुठेही जाणार नाही, मग जाणकारांनी त्याला कितीही नावाजलेलं असो.

यानंतर जमलं तर त्याच व्यक्तीला, त्याच खिडकीशी बसवून पुन्हा फोटो काढा आणि एकच गोष्ट बदला. अंतर बदललं तर उजेड बदलू नका, उजेड बदलला तर लेन्स तीच ठेवा. दोन्ही फोटो शेजारी ठेवून आधीच्याच माणसांना दाखवा, कुठला नवा ते न सांगता. त्या फोटोग्राफरनं हेच केलं, या वेळी दीड मीटरवरून. नवा फोटो मला लगेच आवडला. त्याच्या बहिणीनं दोन्ही नाकारले आणि तिसराच उचलला, दोन सेटिंगच्या मधे ती खिडकीबाहेर कुणालातरी हाक मारत असतानाचा. आता त्यानं तोच छापून घेतला आहे.